मार्सेयची दोन जुळी यंत्रे

केबिली, ९ जुलै २०१८

शिहाब, सलाम.

बूबाकेरच्या गाडीतून हे पत्र आणि खजुराचा डबा पाठवतो आहे. डबा खालासाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी, पत्र तुझ्यासाठी. फोन करत नाही, कारण फोनवर तू हसतोस, आणि मी एक वाक्य लिहून घेईपर्यंत तीन वाक्ये पुढे गेलेला असतोस. कागद थांबतो. उत्तरही कागदावरच दे. बूबाकेर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहापर्यंत तिथल्या मोन्सेफ बे गाडीअड्ड्यावर असतो. पाकीट त्याच्याच हातात दे.

आता कामाचे. कचेरीसमोर सी तीजानींच्या टेबलाशी मी चार वर्षे बसतो आहे, हे तुला ठाऊक आहे. ते अर्ज सांगतात, मी लिहितो. कचेरीच्या खिडकीवर आता कागद लागला आहे की १ ऑक्टोबरपासून हाताने लिहिलेला अर्ज घेतला जाणार नाही, छापलेलाच लागेल. सी तीजानींची नजर गेली आहे. ते म्हणाले, "बेटा, टेबल मी तुलाच देणार होतो. पण आता टेबलावर यंत्र हवं. एक तारखेला तू यंत्र लावून बसलास तर टेबल तुझं, छत्री तुझी. नाही बसलास तर मुन्जीचा भाचा बसेल. मला तुझ्याइतका तो आवडत नाही, पण लोकांचे अर्ज माझ्या आवडीसाठी थांबत नाहीत." मुन्जी म्हणजे झेरॉक्सवाला. पब्लीनेट, ते इंटरनेटचे दुकान, तेही त्याचेच. तिथे जाऊन अर्ज टंकणे म्हणजे टेबल उचलून त्याच्या दारात ठेवणे.

यंत्र आहे. मामांनी यंदा गाडीच्या टपावर बांधून मार्सेयहून दोन जुने लॅपटॉप आणले, एक तुला, एक मला. दोन्ही २००९चे, दोन्ही दोन जीबी मेमरीचे, दोन्हींच्या कोपऱ्यावर एकाच दुकानाची लाल चिकटपट्टी. त्यातले विंडोज उघडायला इतका वेळ लागतो की आई म्हणते, चूल पेटवून भाकरी होईल. तू म्हणाला होतास, विंडोज काढ, लिनक्स टाक. मी चौकशी केली. लिनक्स पुष्कळ प्रकारचे असतात, काही सोपे, काही कठीण. माझा प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर सरळ दे: माझ्यासारख्या नवख्याने, इतक्या जुन्या यंत्रावर, सोपे टाकावे की कठीण? मला फक्त अरबी अर्ज टंकायचे आहेत आणि छापायचे आहेत. दुसरे काहीही नको.

तुझा,
मौल्दी

ट्यूनिस, १६ जुलै २०१८

मौल्दी,

हे पत्र छापलेलं आहे हे बघ आणि जळ. कॉलेजच्या प्रिंटरवर फुकट.

उत्तर सरळ: कठीण. आर्च नावाचं टाकायचं. सोप्यात मिंट वगैरे असतं, ते नवऱ्या मुलीसारखं दागिन्यांनी लदलेलं येतं, तुझ्या म्हाताऱ्या यंत्राचे गुडघे मोडतील. आर्चमध्ये तुला हवं तेवढंच तू घालतोस, म्हणून हलकं. आणि दुसरं म्हणजे शिकशील. सोपं वापरणारा आयुष्यभर माउस हलवत बसतो. शाळेत तू फळ्यावरून नक्कल उतरवायचास, आठवतं? आता एकदा स्वतःच्या डोक्याने काहीतरी उभं कर. मी स्वतः दुसरं काही वापरतच नाही.

घाबरू नकोस. ऑगस्टमध्ये आपल्या सुआदच्या लग्नाला येतोच आहे. तीन दिवस तुझ्या अंगणात बसतो आणि टाकून देतो. सगळे हुकूम एका कागदावर लिहून देईन. तुला कागद आवडतात ना!

आई म्हणते खजूर मागच्या वर्षीचे होते, तरी गोड.

शिहाब

केबिली, ३ सप्टेंबर २०१८

शिहाब, सलाम.

लग्नानंतर तू ज्या दिवशी घाईने गाडीत बसलास, त्या संध्याकाळपासून २ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आठ दिवस, मला माझ्याच यंत्रात जाता आले नाही.

तू दिलेल्या कागदावर लिहिले आहे: पासवर्ड, आईचे नाव, लहान अक्षरांत. सालहा. मी पाच रोमन अक्षरे टंकली: एस, ए, एल, एच, ए. यंत्र म्हणाले, चूक. पुन्हा टंकली. चूक. पासवर्डची अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून मी प्रत्येक कळ दाबताना मोठ्याने म्हणू लागलो. आई आतून म्हणाली, "का रे सारखा हाक मारतोस?" मी पब्लीनेटमधून तुला निरोप टाकला, आणि तुझे उत्तर आले: "स्पेलिंग नीट बघ."

शिहाब, मी चार वर्षांत एकाही अर्जात एक टिंब चुकवलेले नाही. मला माझ्या आईचे नाव लिहिता येते.

आठव्या दिवशी मी पासवर्ड सोडून बाकीचा पडदा वाचला. वरच्या ओळीत यंत्राचे नाव येते. तू म्हणाला होतास की नाव 'नखला' ठेवले आहे, आपल्या खजुराच्या झाडावरून. मी अक्षर अक्षर पाहिले. जिथे ए हवा तिथे दोन्ही ठिकाणी क्यू होता. तेव्हा कळले. हा कळफलक फ्रान्सचा. तू यंत्र मांडलेस तेव्हा आतून ते त्याला अमेरिकेचा समजत होते, आणि तिथे ए आणि क्यू यांच्या जागा उलट असतात. तू कळ पाहून ए दाबलास, यंत्राने क्यू लिहून घेतला. नावातही आणि पासवर्डमध्येही. मग निघण्याआधी घाईत तू कळफलक फ्रान्सचा केलास आणि गेलास. मी आईच्या नावात ए ऐवजी क्यू दाबला. दार उघडले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या हातात आता फक्त सप्टेंबर महिना आहे, आठ दिवस मी तुझी चूक शोधण्यात घालवले, आणि तूच मला म्हणालास, स्पेलिंग बघ.

आता प्रिंटर राहिला. सी तीजानींनी त्यांच्या जावयाचा जुना प्रिंटर आणून ठेवला आहे. तो कसा जोडायचा, ते पायरी पायरीने लिही. काहीही 'तुला माहीतच असेल' म्हणून सोडू नकोस. मला माहीत नसते.

मौल्दी

ट्यूनिस, ७ सप्टेंबर २०१८

मौल्दी भाई,

वाचून मी खुर्चीतून पडायचा राहिलो! बघ, शोधून काढलंस की नाही? हेच मी म्हणत होतो. मिंट टाकलं असतं तर तुला कळलं असतं का की कळफलकाच्या पोटात काय चालतं? आता तू आमच्यातला झालास.

प्रिंटर म्हणजे दोन ओळींचं काम. खाली लिहिल्यात. नेटची काडी, डोंगल, लाव, ओळ टंक, एंटर. बाकी सगळं यंत्र स्वतः उतरवून घेतं.

घाईत आहे, क्लबची बैठक आहे. आमच्या लिनक्स क्लबमध्ये तुझी फार चर्चा असते, माहीत आहे?

शिहाब

केबिली, १३ सप्टेंबर २०१८

शिहाब,

या वेळी खजूर पाठवलेले नाहीत.

११ तारखेला बाजाराचा दिवस होता. सी तीजानींनी मला परीक्षेला बसवले. यंत्र टेबलावर, प्रिंटर खोक्यावर, दोन्हींना वीज कचेरीच्या पहारेकऱ्याच्या खोलीतून. आदल्या दिवशी मी तुझ्या दोन ओळी टंकल्या होत्या. पहिल्या ओळीनंतर यंत्राने विचारले, सगळे ताजे करू का, नऊशे एमबी उतरवावे लागतील. माझ्या नेटच्या काडीत पाचशेच उरले होते. मी नाही म्हटले आणि दुसरी ओळ टंकून फक्त प्रिंटरचे तेवढे उतरवले. आपण बागेला पाणी देतो तसे. पाळी अर्ध्या तासाची असेल तर सुकलेल्या झाडाला आधी देतो, सगळ्या बागेला नाही. मला वाटले, मी शहाणपणाने वागलो.

पहिली बाई आली मब्रूका, बावीस झाडांची मालकीण. तिच्या पाण्याच्या पाळीवर शेजाऱ्याने हात मारला आहे, त्याची तक्रार. ती बसली, मी यंत्र उघडले. काळा पडदा आला, नाव घेतले, पासवर्ड घेतला. मी लिहिण्याचे पान उघडायला सांगितले. ते उघडेना. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली की अमुक फाइल सापडत नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. आता रंगीत पडदाही येईना. नुसता काळा.

मब्रूका म्हणाली, "बाळा, हा डबा उघडेपर्यंत माझी झाडं उभी राहतील का?"

मागे मुन्जीचा भाचा उभा होता. तो म्हणाला, "खाला, याच्या यंत्राला नजर लागलीय. मिरच्या ओवाळा." सगळी रांग हसली. मी हात टेबलाखाली घेतले. सी तीजानींनी माझ्याकडे न बघता कोरा कागद ओढला आणि डोळे कागदाला टेकवून, त्या नजरेने, स्वतः अर्ज लिहिला. ओळी वाकड्या गेल्या. चार वर्षांत त्यांची ओळ मी वाकडी जाऊ दिली नव्हती.

संध्याकाळी छत्री मिटताना ते एवढेच म्हणाले, "एक तारीख. दोनदा परीक्षा घेत नाही मी."

पब्लीनेटमध्ये जाऊन मी एका फोरमवर विचारले. मुन्जीच्या भाच्यासमोर बसून विचारले, हे लक्षात घे. उत्तर आले: "अर्धवट अपडेट करू नये हे पहिल्या पानावर आहे. आधी वाचून ये." पहिले पान म्हणजे कुठले? तुझ्या कागदावर एकतीस ओळी आहेत. मी बोट ठेवून मोजल्या. त्यात ही ओळ नाही. ७ तारखेच्या पत्रातही नाही. तुला माहीत होते ना, की इथे नेट थेंबाथेंबाने विकत घ्यावे लागते? मग जे यंत्र दर आठवड्याला सगळे ताजे मागते आणि अर्धे दिले तर मरते, ते तू माझ्या घरात का आणून बांधलेस? उंटाचा चारा परवडत नाही त्याला कुणी उंट भेट देतो का?

उत्तर दे. आणि हसू नकोस.

मौल्दी

ट्यूनिस, १७ सप्टेंबर २०१८

मौल्दी,

आधी शांत हो. तुझ्या पत्राने कागदाला भोकं पडलीत.

अर्धवट अपडेट करायचं नसतं. हे इतकं सगळ्यांना माहीत असतं की लिहायचं सुचलं नाही. आणि यंत्राने तुला विचारलं होतं ना? 'नाही' कुणी म्हटलं? मी म्हटलं का? प्रत्येक वेळी चूक ट्यूनिसहून पार्सल येत नाही, कधी कधी केबिलीतही पिकते. फोरमवाले म्हणाले ते कडू आहे, पण खरं आहे. वाचायची सवय लाव.

बूबाकेरबरोबर माझा पेनड्राइव्ह पाठवतोय. त्यात नऊशेच्या नऊशे एमबी भरलेत, नेटची गरज नाही. सोबतच्या कागदावर सहा ओळी आहेत. या वेळी एकही सोडलेली नाही, शपथ.

एक तारखेला अजून वेळ आहे. कठीण रस्त्याने जाणारा उशिरा पोचतो, पण पोचतो.

शिहाब

केबिली, २४ सप्टेंबर २०१८

शिहाब,

तुझ्या सहा ओळी टंकल्या. यंत्र उघडले. लिहिण्याचे पानही उघडले. मी मब्रूकाचाच अर्ज नमुना म्हणून टंकला आणि छापला. अरबी अक्षरे सुटी सुटी आली, हात तोडलेल्या माणसांसारखी, आणि ओळी डावीकडून सुरू झाल्या. हा कागद खिडकीत दिला तर कारकून माझ्या तोंडावर फेकेल. अजून काहीतरी घालायचे राहिले आहे. काय राहिले ते मला माहीत नाही, आणि तुझ्या कठीण लिनक्सात 'काय राहिले' हे ज्याला आधीच माहीत असते त्यालाच सांगितले जाते.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

पेनड्राइव्हवर तुझा एक खण, म्हणजे फोल्डर, राहिला होता. त्याचे नाव क्लब. मी दुसऱ्याची पाकिटे उघडत नाही, पण मला वाटले त्यात अरबी अक्षरांचे काही असेल. त्यात फोटो होते.

पहिला फोटो. तू क्लबच्या टेबलाशी बसला आहेस, समोर तुझे यंत्र. कोपऱ्यावर लाल चिकटपट्टी, म्हणजे मामांचेच, माझ्या यंत्राचे जुळे. पडद्यावर हिरवे चिन्ह, आणि उघड्या चौकटीत लिहिलेले आहे: लिनक्स मिंट. खाली मेमरी, दोन जीबी. मी फोटो मोठा करून तारीख पाहिली. २९ मे.

मी तुला विचारले ९ जुलैला. तू म्हणालास, सोपे टाकलेस तर तुझ्या यंत्राचे गुडघे मोडतील. त्याच यंत्रावर, तेच सोपे, तू सहा आठवडे चालवत होतास, शिहाब. तू म्हणालास, मी दुसरे काही वापरतच नाही.

पब्लीनेटमध्ये बसून मी आता मिंटबद्दल वाचले. तू सांगितलेस तसे पान पान वाचले. जड असतात ते वरचे दागिने, आणि त्याच मिंटची हलक्या दागिन्यांची आवृत्ती जुन्या यंत्रांसाठीच मिळते. कठीण म्हणजे हलके, असे कुठेही लिहिलेले नाही. कठीण म्हणजे फक्त कठीण. हे तुला मे महिन्यातच ठाऊक होते, कारण तुझ्या पडद्यावर तेच होते.

दुसरा फोटो. क्लबच्या भिंतीवर मोठे चित्र टाकले आहे. आमचे अंगण, माझे यंत्र, काळा पडदा, आणि तुझा कागद धरलेला माझा हात. खाली फ्रेंचमध्ये लिहिले आहे: "वाळवंटातला, शाळा अर्ध्यात सोडलेला माझा मावसभाऊ हे चालवू शकतो, तर तुम्हाला काय धाड भरली आहे?"

मी ते तीन वेळा वाचले, शब्दकोश काढून, कारण मला वाटले माझे फ्रेंच कच्चे असेल. कच्चे नव्हते. त्या वाक्यात तुझ्याच दोन चुका होत्या.

शाळा मी का सोडली ते तुला माहीत आहे. अब्बा वारले तेव्हा तू आमच्याकडेच राहत होतास, आणि माझी परीक्षेची पुस्तके तू घेऊन गेलास, कारण मला आता लागणार नव्हती. मी कधी बोललो नाही. ती पुस्तके वाचून तू तिथे पोचलास आणि भिंतीवर मला टांगलेस. मी एक अर्जनवीस होण्यासाठी धडपडत होतो आणि तू मला नमुना म्हणून फिरवत होतास, जत्रेतल्या दोन डोक्यांच्या बोकडासारखा.

आईला काही सांगितलेले नाही. ती विचारते, शिहाबचे पत्र आले का. मी म्हणतो, आले, बरा आहे.

तुझ्या यंत्रावर आहे तेच मला पाठव. जसेच्या तसे. मला काहीही शिकायचे नाही. मला टेबल हवे आहे. बूबाकेर तिथून शुक्रवारी निघतो, २८ तारखेला.

मौल्दी

ट्यूनिस, २७ सप्टेंबर २०१८

मौल्दी,

पेनड्राइव्ह पाकिटात आहे. मिंट, हलकी आवृत्ती. अरबीची भर वेगळ्या खणात आहे, प्रिंटरचंही. चार ओळी आहेत, त्यातल्या तीन 'पुढे' असं बटण दाबायच्या. आज माझ्याच यंत्रावर दोनदा करून पाहिलं, घड्याळ लावून.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी माझ्या यंत्रावर आर्च तीनदा टाकलं. पहिल्यांदा उघडलंच नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि आठवड्यात मोडलं. तिसऱ्यांदा माझा वर्षभराचा प्रकल्प त्यात गेला, आणि मी मिंट टाकलं. पण क्लबमध्ये मिंटवाल्याला पोरं 'आजीबाई' म्हणतात. मी पडद्यावरच्या हिरव्या चिन्हावर कागद चिकटवून बसायचो. फोटोच्या दिवशी तो पडला होता. त्या दिवशी मी वाट्टेल ते सांगून वेळ मारून नेली.

तुझ्या अंगणात ते तीन दिवसांत जमलं. माझ्या हातून पहिल्यांदा जमलं, खरंच. मला कुणालातरी दाखवायचं होतं. आणि तुला कठीण का सांगितलं, तर मला वाटलं माझ्याजवळ परीक्षा आहेत, धावपळ आहे, तुझ्याजवळ वेळ आहे. तू ते सावकाश सांभाळशील, आणि निदान घरातल्या एका यंत्रावर तरी ते चालत राहील.

पुस्तकांचं मला आठवत होतं. कधी बोललो नाही, कारण तू बोलला नाहीस.

मी काय करू ते सांग. ते करतो.

शिहाब

केबिली, २ ऑक्टोबर २०१८

अर्ज

अर्जदार: मौल्दी, अर्जनवीस, कचेरीसमोरचे टेबल, केबिली.
प्रतिवादी: शिहाब, अर्जदाराचा मावसभाऊ, विद्यार्थी, ट्यूनिस.
विषय: खोटा सल्ला, वाया गेलेला सप्टेंबर, आणि भिंतीवर टांगणे.

अर्जदार असे कळवतो की प्रतिवादीने पाठवलेला पेनड्राइव्ह २९ सप्टेंबर रोजी मिळाला. अर्जदाराला तो गल्लीत फेकून द्यावासा वाटला. त्याने तो सी तीजानींसमोर टेबलावर ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली. सी तीजानी म्हणाले, "फेक की. मग एक तारखेला खिडकीत तुझा राग छापून दे, बघू घेतात का." अर्जदाराने घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. पस्तीस मिनिटांत यंत्र तयार झाले. आईने ठेवलेला चहा दुसऱ्यांदा उकळायच्या आत. अर्जदार त्या यंत्रासमोर बसून रडला, आणि ते आनंदाने नव्हे. पस्तीस मिनिटे! प्रतिवादीने ती जुलैमध्ये दिली असती तर ११ सप्टेंबर हा दिवस अर्जदाराच्या आयुष्यात आला नसता, आणि सी तीजानींना ती वाकडी ओळ लिहावी लागली नसती.

१ ऑक्टोबर रोजी अर्जदार यंत्र लावून बसला. पहिली बाई मब्रूकाच आली. बसण्याआधी म्हणाली, "आधी डबा उघड, मग मी बसते." डबा उघडला. तिचा दुसरा अर्ज छापला गेला, अक्षरे जोडलेली, ओळी उजवीकडून. कारकुनाने शिक्का मारला. दुपारपर्यंत नऊ अर्ज झाले. मुन्जीचा भाचा दोनदा येऊन पाहून गेला. संध्याकाळी सी तीजानींनी छत्री मिटली आणि तिचा दांडा अर्जदाराच्या हातात दिला. टेबल अर्जदाराचे झाले.

आणखी एक गोष्ट सत्य म्हणून नोंदवणे भाग आहे, कारण अर्जदार अर्जात काही लपवत नाही. दुपारी खिडकीमागचे कचेरीचे यंत्र वीज जाऊन आल्यावर काळे झाले, पांढरी अक्षरे आली. कारकून ओरडू लागला, बंद करा, बंद करा. अर्जदाराने खिडकीतून दोन ओळी वाचल्या. डिस्क तपासून होईपर्यंत थांबा, असे लिहिले होते. अर्जदार म्हणाला, थांबा. ते थांबले. यंत्र उघडले. अर्जदाराला त्या काळ्या पडद्याची भीती वाटली नाही. प्रतिवादी यावर म्हणेल, बघ, शिकलास की नाही. प्रतिवादीने ते म्हणू नये. ज्याने विहिरीत ढकलले त्याला पोहायला शिकवल्याची फी मागता येत नाही.

नवख्याने जुन्या यंत्रावर सोपे टाकावे की कठीण, हा प्रश्न अर्जदाराने ९ जुलैला विचारला होता. त्याचे उत्तर आता त्याच्याजवळ आहे. ज्याला टेबल चालवायचे आहे त्याने सोपे टाकावे. कठीण त्याने टाकावे ज्याला ते स्वतःला हवे आहे, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळात. ते दुसऱ्याच्या अंगणात बसून टाकू नये.

प्रतिवादीने विचारले आहे की त्याने काय करावे. अर्जदाराची मागणी खालीलप्रमाणे:

प्रतिवादीने क्लबच्या पुढच्या बैठकीत, त्याच भिंतीसमोर, उभे राहून सांगावे की त्याच्या यंत्रावर मे महिन्यापासून काय आहे, हिरव्या चिन्हावरचा कागद काढून. अर्जदाराच्या हाताचा फोटो पुसून टाकावा. 'शाळा अर्ध्यात सोडलेला' हे शब्द पुन्हा वापरायचे असतील, तर ती पुस्तके कुणाकडे गेली तेही त्याच दमात सांगावे. आणि खालाला सांगावे की यंदाचे खजूर उतरू लागले आहेत. डबा तिच्या नावाने येईल, प्रतिवादीच्या नाही.

वरील मागण्या पूर्ण केल्यावर प्रतिवादीने लेखी कळवावे. उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे. या टेबलावर प्रतिवादीकडून छापलेले काहीही स्वीकारले जाणार नाही.

सही,
मौल्दी